आज नळाला कुठलं पाणी आलंय?

मासे मेले की लोक माशांची चौकशी करतात. अंगावर पांढरे ठिपके होते का, शेपटी झडली होती का, दुकानदाराने मुळातच आजारी मासे गळ्यात मारले का. मग निळ्या औषधाची बाटली येते, टाकी निळीजांभळी होते आणि उरलेले मासेही आठवड्याभरात जातात. आमच्या नात्यागोत्यात मासे पाळणारी मी एकटीच, त्यामुळे असे फोन माझ्याकडे येतात. मी सगळं ऐकून घेते आणि विचारते, "पाणी कुठलं वापरतोस?" पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "नळाचं. आणखी कुठलं असणार?"

पुण्यात हे उत्तर पुरत नाही.

आम्हाला सहकारनगरला येतं ते धरणाचं पाणी. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत सह्याद्रीवरचा पाऊस साठतो आणि पर्वतीच्या जलकेंद्रातून शुद्ध होऊन आमच्याकडे पोचतो. काळ्या कातळावरून घाईघाईने वाहून आलेलं पावसाचं पाणी ते, त्यात विरघळलेले क्षार थोडे. डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. माझा चुलतभाऊ वाघोलीला राहतो. त्याच्या सोसायटीत टँकर येतात, आणि टँकरमध्ये बहुतेकदा बोअरचं पाणी असतं, त्याच कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं. त्याच्या नळांच्या तोंडाशी पांढरे थर धरतात, स्टीलच्या बादलीवर कडी उमटतात. त्याची माझी घरं तासाभराच्या अंतरावर, पण माशाला विचाराल तर तो आमचे दोन वेगवेगळे मुलूख म्हणेल.

गप्पी, मॉली, प्लॅटी ही मंडळी क्षारांच्या पाण्यात सुखाने नांदतात. मॉलीला उलट आमच्याकडचं मऊ पाणी सोसत नाही, पंख आवळून एकाच जागी डुलत राहते. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आंबट पाण्यातला. त्याला वाघोलीत नेला की रंग उतरतो, आणि काही महिन्यांत एकेक करून संपतात. चुलतभाऊ कितीतरी दिवस 'आमच्याकडे निऑन लाभत नाही' असं म्हणायचा. लाभायचं काय त्यात? त्याने गप्पी आणले आणि आता पिल्लं कुणाला द्यायची हा प्रश्न आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'राहता कुठे?' असा विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण विचारलं तर अर्धे मासे खपणार नाहीत, हेही खरं.

मधली एक वाट काढायला जातात ती आरओच्या पाण्याची. 'आम्ही पितो तेच घालतो' असं अभिमानाने सांगतात. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि माशाला ते थोडेतरी लागतात. शिवाय अशा पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा अंक (तो उतरला की पाणी आंबट), कशानेही डळमळतो. वाघोलीच्या पाण्यात आरओचं थोडं मिसळून ते हलकं करणं ठीक. फक्त आरओ, नको.

आता फिल्टर. बहुतेकांच्या लेखी फिल्टर म्हणजे गाळणी. पाण्यातला कचरा स्पंजमध्ये अडकतो, पाणी स्वच्छ दिसतं, झालं. हे काम तो करतोच, पण ते त्याचं दुय्यम काम आहे. माशाचा जीव जातो तो कचऱ्याने नाही, अमोनियाने, आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही होतो. पाणी आरशात तोंड पाहावं इतकं नितळ आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताहेत, असं दृश्य दिसलं तर फसू नये. नदीत हा अमोनिया वाहून जातो. दोन फुटी काचेच्या टाकीत तो जाणार कुठे?

तो जीवाणू खातात. एका जातीचे अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं, म्हणून पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. (टाकीत खडेमीठ टाकायची जुनी पद्धत यासाठी खरोखर उपयोगी आहे, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. बाकी सगळ्या रोगांवर मीठ, ही मात्र अंधश्रद्धा.) नायट्रेट त्या मानाने गरीब, ते पाणी बदलून काढता येतं. मातीत आणि पाण्यात हे काम जीवाणू करतात हे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमाराला दाखवलं. पुढे शंभर वर्षं पुस्तकांत असंच की पहिली पायरी एका जीवाणूची आणि दुसरी दुसऱ्याची. २०१५ साली दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारे जीवाणू सापडले, आणि त्यांतले काही चक्क मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्ये. माशांचं पाणी साफ करता करता ते तिथे कधीपासून बसलेले होते.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या रिंगांवर, खालच्या खड्यांवर. म्हणजे फिल्टर ही वस्ती आहे, आणि ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आमच्याकडे दिवाळी आली की ही वस्ती उठते. घरातली झुंबरं उतरतात, माळे रिकामे होतात आणि त्याच झपाट्यात माशांची टाकीही बाल्कनीत येते. सगळं पाणी ओतून, खडे परातीत घेऊन, स्पंज नळाखाली ब्रशने घासून, काच लिंबाने लखलखीत करून टाकी परत जागेवर बसते. दिवाळीच्या पाहुण्यांना किती छान दिसते! भाऊबीजेपर्यंत एखाद-दुसरा मासा उलटा झालेला असतो आणि घरातली माणसं हळहळतात, "अहो, एवढी स्वच्छता ठेवूनसुद्धा!"

सुद्धा नाही, म्हणून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते जीवाणू मारायलाच. ते कॉलऱ्याचा जीवाणू आणि फिल्टरमधला जीवाणू असा भेद करत नाही. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोन-तीनदा हलकेच पिळायचा, तपकिरी पाणी निघालं की पुरे. तो थोडा मळकट राहायला हवा. माझ्या सासूबाईंना हे पटायला फार वेळ लागला. "हा असा बोळा परत आत घालणार?" असं त्या दर वेळी विचारायच्या, आणि मी घालायचे. स्वयंपाकघराची स्वच्छता आणि पाण्याची स्वच्छता या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि पहिलीत आपण इतके तरबेज असतो की दुसरी शिकायला मन तयार होत नाही. निळं औषधही हेच करतं, फिल्टरमधल्या जीवाणूंनाही ते बाधतं. औषध द्यायचंच असेल तर वेगळ्या डब्यात आजारी माशाला द्यावं. आणि फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो औषध शोषून घेतो, मग ते मासा सोडून कोळशालाच लागू पडतं.

'टाकी धुतली आणि मासे मेले' या तक्रारीची आणखी एक जात आहे, आणि ती धरणाच्या पाण्याच्या भागात जास्त. वर्षभर कुणी टाकीकडे पाहिलेलं नसतं. पाणी कमी झालं की वरून तांब्याभर घालायचं, एवढंच. मासे मात्र मजेत. मग एका रविवारी घरातल्या कर्त्या माणसाला उत्साह येतो, जवळजवळ सगळं पाणी बदललं जातं, आणि वर्षभर टिकलेले मासे संध्याकाळपर्यंत तळाशी. यात नजर लागण्याचा भाग नाही. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. ते सावरायला पाण्यात क्षार लागतात, आणि आमच्या मऊ पाण्यात ते मुळातच थोडे असतात, काही महिन्यांत संपतात. पाणी आंबट होत जातं, पीएच सहाच्या आसपास उतरतो, तशा पाण्यात जीवाणूही सुस्तावतात आणि अमोनिया साठत राहतो. पण आंबट पाण्यात तो अमोनियम या सौम्य रूपात असतो, म्हणून मासे तगतात. पीएच एका अंकाने चढला की विषारी रूपाचं प्रमाण सुमारे दहापट होतं. सहाचा आठ झाला तर जवळजवळ शंभरपट. ताजं पाणी ओतल्याबरोबर जे बिचारं वर्षभर झोपलं होतं ते जागं होतं. अशी टाकी सापडली तर रोज दोन-चार तांबे, असं पंधरा-वीस दिवस करत सावकाश ताळ्यावर आणावी. आणि मऊ पाण्यात फिल्टरच्या डब्यात मूठभर शिंपल्यांचे तुकडे ठेवावेत. कोकणातून आणलेले चालतात, नीट उकळून घेतले की. ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याला धरून ठेवतात.

नेमाने करायचं काम तसं लहान आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरली तर ५६ लिटर मावतात. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पन्नासच्या आत. त्यातलं चौथाई पाणी आठवड्याला बदलायचं, म्हणजे एक बादलीसुद्धा पुरती नाही. नळी तळाशी खड्यांत खुपसून खालचा गाळ ओढून घ्यायचा, आणि तेवढंच शिळं पाणी सावकाश भरायचं. शिळं म्हणजे एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेलं. तेवढ्यात क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, त्यात बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटोग्राफरांच्या अंधाऱ्या खोलीत 'हायपो' म्हणून बरणीत असायचं तेच.

बादली कधी भरायची, इथे पुन्हा पुणं आडवं येतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, आणि बातमीच्या शेवटी ते पाठ झालेलं वाक्य: शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने. शुक्रवारी पहिल्या धारेला गढूळ येतं. ते माशांच्या बादलीत धरू नये, शनिवारी धरावं. पावसाळ्यात धरणातच लाल पाणी येतं, तेव्हा शुद्धीकरणात सगळ्याच औषधांचा हात सढळ होतो आणि नळाला क्लोरीनचा वास जाणवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलं आहे. माणसाला ते हितकारक, माशाच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमीही पोळतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली सवय आहे, ती माशांच्या बादलीत मोडायला हवी. तुरटीने गाळ बसतो खरा, पण ती पाण्यातले क्षार खाते आणि पीएच खाली ओढते, शिवाय तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम कल्ल्यांवर जाऊन बसतं.

सर्वांत घातक दिवस मात्र महापालिकेच्या नव्हे, सोसायटीच्या कॅलेंडरवर असतो. 'उद्या टाकी साफसफाई, पाणी जपून वापरावे' असा निरोप ग्रुपवर येतो. गच्चीवरच्या टाक्या ब्लीचिंग पावडरने घासल्या जातात, त्यानंतरच्या पहिल्या पाण्यात ती किती उतरलेली असते त्याचा भरवसा नाही. दोन दिवस टाकीला हात लावू नये. जिन्यात पेस्ट कंट्रोल असेल, घरात रंगकाम चालू असेल, धुराची गाडी गल्लीत आली असेल, तर एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवून टाकीवर ओलं फडकं टाकावं. पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी नेणारा जमिनीखालचा नळ बांधला, त्याला जागोजाग उच्छ्वास ठेवले होते. आत हवा खेळावी, माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून. पाणी नुसतं साठवून भागत नाही, ते वाहतं आणि हवेशी भेटतं ठेवावं लागतं, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. टाकीतही हवा बुडबुड्यांतून फारशी जात नाही, जाते ती पाण्याचा पृष्ठभाग हलल्याने. मे महिन्यात ही गोष्ट जिवावर येते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे आणखी थोडा कमी. त्यात वीज गेली तर फिल्टर थांबतो. तास-दोन तास ठीक. पण बंद डब्याचा, कॅनिस्टरचा फिल्टर बराच वेळ थांबला तर आतले जीवाणू गुदमरून मरतात आणि डब्यातल्या पाण्याला सडका वास सुटतो. वीज आल्यावर ते पाणी तसंच टाकीत जाऊ देऊ नये, डबा आधी रिकामा करावा. उन्हाळ्यात मी फिल्टरची धार जरा उंचावरून पडेल अशी ठेवते. आवाजाची तक्रार घरातून होते, ती सोसावी.

थंडीचं उलट. पहाटे दहाच्या खाली पारा गेला की घरातली टाकीही विशीपर्यंत उतरते. उष्ण कटिबंधातल्या माशांना २४ ते २७ हवं. पन्नास लिटरला पन्नास वॉटचा हीटर पुरतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुतेकदा अशा गारठ्याच्या आठवड्यानंतरच दिसतो.

खाण्याबद्दल थोडक्यात: दोन मिनिटांत संपेल तेवढंच. याला खरा धोका घरच्यांपासून नसतो, शेजारच्या काकूंपासून असतो. गणपतीला आठ दिवस कोकणात जाताना किल्ली काकूंकडे दिली, त्यांना माशांची दया आली, डबाच्या डबा आत गेला, आणि परत येईपर्यंत पाणी पांढरं. मोठा धडधाकट मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. फारच जिवाला लागत असेल तर एकेका वेळच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि डबा कपाटात कुलपात.

काढलेलं पाणी मी मोरीत ओतत नाही. त्यातलं नायट्रेट माशांना नको असतं, कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला हवंच असतं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आमच्या गच्चीवरच्या कुंड्या या पाण्यावरच तगतात. मीठ किंवा औषध घातलेलं पाणी मात्र झाडांना नाही.

या सुट्टीत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाने टाकी घेतली. मी त्याला आधी नुसती चालवायला लावली, आणि माझ्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून, टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून त्याच्या फिल्टरमध्ये बसवला. दुधाला विरजण लावावं तसं हे आहे, नाहीतर वस्ती बसायला सुट्टी संपली असती. काकू बघत होत्या. "एवढा खर्च करून पोराला हा घाणेरडा बोळा?" असं त्या म्हणाल्याच. मी त्याला बजावलं, आधी चार गप्पी आण, बाकीचं महिन्याने. तो सहा मासे घेऊन आला आणि त्यांत एक सकर, तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा. बोटाएवढा आहे म्हणून दिला दुकानदाराने. तो फूटभराचा होतो आणि मग कंटाळून लोक त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडून देतात, जिथे तो बाकीच्या माशांचं जगणं अवघड करतो, हे दुकानदाराने सांगितलं नाही. सध्या पोराकडून मी एक दिवसाआड अर्धी बादली पाणी बदलून घेते आहे, आणि सकर परत घेईल असं दुकान शोधते आहे. दोन जणांनी फोनवर नाही म्हटलं. तिसऱ्याने विचारलं, "पाणी कुठलं आहे तुमच्याकडे?" तिथे शनिवारी जाणार आहोत.